आमच्या कॉलनीची शीव

गाव वसवायला राजा लागतो म्हणतात. आमच्या शेजारच्या तात्यांना एक नारळ पुरतो. नागापूरच्या कारखान्यांमागे नगर संपून माळ सुरू होतो, तिथे आमची कॉलनी आहे. कुणी पाथर्डीकडचे, कुणी बीडकडचे, आम्ही भिंगारचे; सगळे प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून आलेले. गाव कोणतं विचारलं की जो तो मागे सोडून आलेल्या गावाचं नाव सांगतो. कर्जतकडच्या शेतकरी घरातल्या, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या तात्यांना हे सोसेना. "शीव न्हाई, मारुती न्हाई, ह्याला गाव म्हनायचं का एस्टी स्टँड?" असं म्हणून त्यांनी पाण्याचा टँकर थांबतो त्या बाभळीखाली एक दगड पुरला, शेंदूर फासला आणि ही आपली शीव म्हणून जाहीर केलं. कुणाला विचारून, असं विचारायची आमची काय छाती!

तेव्हापासून इथे राहायला येणारं प्रत्येक बिऱ्हाड त्या दगडापाशी अडवलं जातं. लग्नात वरपक्षाचं करतात तसं तात्या त्याचं सीमांतपूजन करतात. पायांवर पाणी, भाकरतुकडा ओवाळणं, नारळ, सगळं साग्रसंगीत. एकदा टेम्पोवाला करवादला, "तात्या, मला आजून दोन फेऱ्या हायेत." तात्यांनी शांतपणे त्याला कुंकू लावलं, मग फ्रिजलाही लावलं. "ह्यो बी हितंच नांदनार हाय," म्हणाले. टेम्पोवाला त्यांच्या पाया पडून गेला. एकदा तर त्यांनी घाईघाईत कॉलनी सोडून चाललेलंच बिऱ्हाड ओवाळलं. ती मंडळी इतकी ओशाळली की सामान उतरवून अजून इथेच राहताहेत. अशा माणसापुढे थक्क होण्यापलीकडे काय करणार?

गेल्या वर्षी मात्र वेळ त्यांच्याच घरावर आली. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या एकुलत्या एका मुलानं घरी न विचारता, दुसऱ्या जातीतल्या मुलीशी कोर्टात लग्न केलं. तात्या बोलेनासे झाले, शिवेकडे फिरकेनासे झाले. मुलानं आईला फोनवर सांगितलं, "एकदा तिला घेऊन येतो. तात्यांनी तोंड फिरवलं तर पुन्हा यायचो नाही." ठरल्या दिवशी त्याची आई, आमच्या काकू, उंबऱ्यावर माप भरून बसल्या आणि तात्यांचा सकाळपासून पत्ता नव्हता. मी टँकरपाशी पाणी भरत होतो. बघतो तर बाभळीआडून तात्या पुढे आले, हातात तांब्या आणि नारळ. रिक्षा थांबली. मुलगा उतरला, पाठोपाठ सून उतरली ती खाली मान घालूनच. तात्या वाकले आणि त्यांनी तिच्या पायांवर पाणी घातलं. सासऱ्यानं सुनेचे पाय धुतलेले मी जन्मात पाहिले नव्हते. माझी घागर भरून वाहत होती, पण नळी काढायचं भान कुणाला होतं!

"बाहेरची हाय म्हनून बिचकू नको, पोरी," तात्या म्हणाले. "ह्या गावात समदी बाहेरचीच हायेत. चल, तुजी सासू वाट बघती."

नारळ फुटला आणि माझे डोळे भरून आले. मला आई आठवली. भिंगारहून आम्ही तिला इथे आणलं, तेव्हा तात्यांची शीव नव्हती. "आता आपल्या घरी कधी जायचं रे?" असं ती शेवटपर्यंत विचारत राहिली, आणि विचारता विचारताच गेली. तिलाही कुणीतरी वाटेत अडवून पायांवर पाणी घालायला हवं होतं.