साहेब म्हणे, "इथून चालतंय!"

चार जुने सहकारी टपरीवर भेटले की किस्से आठवावे लागत नाहीत, आपोआप सांडतात. आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात तर एका मॅनेजर साहेबांनी आणि एका डब्यानं मिळून इतके किस्से पैदा केले, की तेवढी पेंड आम्ही कधी काढली नसेल!

डबा म्हणजे फायरवॉल, कारखान्याच्या नेटवर्कवर पहारा देणारं यंत्र. कारखाना शिरूरला, गोडाऊन दौंडला, रेल्वे यार्डाच्या कडेला. दौंडच्या कॉम्प्युटरवर शिरूरचा स्टॉक दिसावा म्हणून दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला तो डबा घेतला. अडचण एकच. ब्रॉडबँडची लाइन तुटून जोडली की आमचा इंटरनेटवरचा पत्ता बदलायचा, आणि लोडशेडिंगच्या कृपेनं लाइन रोज तुटायची. नवा पत्ता आमच्या नावापुढं नोंदवायचा, म्हणजे दौंडनं नाव टाकलं की शिरूर सापडेल, हे काम डब्याचं. याला डायनॅमिक डीएनएस म्हणतात. साहेब त्याला ‘माझी सिस्टिम’ म्हणायचे.

पहिल्या दिवसापासून ती दौंडला चालली नाही.

आणि मालकांनी, म्हणजे आबांनी, बजावून ठेवलेलं, "खंडेनवमीला दौंडला वजनकाट्याच्या पूजेला येतो. तवा शिरूरचा माल तिथं दिसला न्हाई, तर गोडाऊन वरवंडला हलवतो. हायवेला हाय, येता-जाता माझी नजर तरी ऱ्हाईल."

दौंडचं गोडाऊन सांभाळायचे आप्पा. त्यांचं आणि तिथल्या सगळ्या हमालांचं पोट त्या डब्यावर येऊन अडकलं!

* * *

साहेबांनी फायरवॉल आणली आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं. "सिक्युरिटी!"

उन्हाळ्यात कपाटाला हात लावला तर चटका बसायला लागला. डबा हँग व्हायला लागला. आमचा नेटवर्कवाला गायकवाड म्हणाला, "साहेब, दार तरी उघडा, तापलीय ती."

साहेब हसले. "गायकवाड, नावातच फायर आहे. तापणारच!"

* * *

नाव चालेना म्हणून गायकवाड रोज सकाळी बाहेरचा पत्ता शोधून आप्पांना फोनवर आकडे सांगायचा. मध्येच आप्पा ओरडायचे, "थांबा! मालगाडी जाऊ द्या!" मग ते आकडे गोडाऊनच्या भिंतीवर खडूनं लिहायचे. दुपारी लाइट गेली की पुसून पुन्हा नवे.

आठवड्याभरात गोडाऊनबाहेर सकाळी गर्दी व्हायला लागली. लोकांना वाटलं, आप्पा मटक्याचा आकडा देतात! एकाला लागला म्हणे. तो पेढे घेऊन आला. आप्पांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, "ह्या सिस्टिमचा फायदा झालेला पहिला माणूस!"

* * *

मग साहेबांनी स्वतः ‘ट्रबलशूटिंग’ हातात घेतलं. म्हणजे काय, तर ‘अपडेट’चं बटण दाबायचं. सकाळी दाबायचं, जेवून आल्यावर दाबायचं, फोनवर बोलता बोलता दाबायचं. देवळातली घंटा पोरं वाजवतात तसं!

शेवटी ज्या कंपनीकडं आमचं नाव होतं, तिनं ते बंद केलं. ‘पत्ता बदललेला नसताना वारंवार नोंदवू नये,’ असा त्यांचा मेल आला.

साहेबांनी तो वाचला आणि शांतपणे म्हणाले, "बघा! आपला लोड त्यांना पेलत नाही."

* * *

नाव हातापाया पडून चालू करून घेतलं. पण गायकवाडला आणि मला मेलमधलं ते ‘पत्ता बदललेला नसताना’ खटकलं. रोज बदलतोय, मग हे असं का म्हणतात?

बघितलं तर काय! इंटरनेटला जोडलेला होता मोडेम. फायरवॉल त्याच्या मागं बसलेली. बाहेरचा पत्ता तिला दिसतच नव्हता. मोडेमनं तिला दिलेला, कधीच न बदलणारा घरातला पत्ताच ती जगाला कळवत होती. पाहुण्यानं "घर कुठं?" विचारावं आणि आपण "स्वयंपाकघराच्या शेजारी" सांगावं, तशातली गत! घरातल्याला बरोबर सापडतं. दौंडचा माणूस कुठं शोधणार?

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. फक्त कपाटाची किल्ली हवी होती.

साहेबांनी शिरूरच्या त्यांच्या टेबलावरून नाव टाकलं, स्टॉक दिसला. "इथून चालतंय. कशाला हात लावायचा?" किल्ली खिशात गेली.

* * *

खंडेनवमी आली. आबा, साहेब आणि मी जीपनं दौंडला गेलो. आप्पांनी हुशारीनं सकाळचाच भिंतीवरचा पत्ता टाकून ठेवलेला. पण निघताना साहेब शिरूरला हुकूम सोडून आले होते, "माझ्या सिस्टिमची पूजा झाली पाहिजे. बंद करून, व्यवस्थित." तिथल्या लोकांनी मेन स्विचवरून सगळं बंद केलं, मोडेमसकट. कुलूपबंद कपाटालाच झेंडूचा हार घातला, चालू केलं. पत्ता बदलला!

दौंडचा स्क्रीन कोरा. हमाल काट्याभोवती उभे.

साहेबांनी मोबाइल स्पीकरवर टाकला. "गायकवाड, तिथून चालतंय का?"

"इथून चालतंय, साहेब."

साहेब विजयी मुद्रेनं वळले. "ऐकलंत, आबा? सिस्टिम ओके आहे. प्रॉब्लेम दौंडचा आहे. गोडाऊन हलवाच."

आप्पांचा आवाज फाटला. "आबा, शिरूरचा माल शिरूरातनं दिसतोय व्हय? त्यो तर खिडकीतनं बी दिसतुया की!"

आबांनी काट्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा आप्पांच्या हातावर ठेवला.

"गोडाऊन हितंच ऱ्हाईल. साहेब, उद्यापासनं तुम्ही दौंडला बसा. तुमचा पगार मी शिरूरला, तुमच्या त्या कपाटात ठेवतो. महिनाअखेरीला हितनं दिसतोय का बघा!"