डावा भाकस, उजवा भाकस

ते दोन्ही भाकस मासे एकाच प्रकारचे होते. मला हे तेव्हाच, किनाऱ्यावर उभा असतानाच, पक्कं माहीत होतं. आजवर मी हे कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, अक्कापाशी तर नाहीच. अक्काला सांगायची गरज नव्हती म्हणा. तिला ते माझ्या आधीपासून ठाऊक होतं, आणि मी जाणूनबुजून खोटं बोललो हेही ठाऊक होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दिवाळीनंतर गेली. सकाळी वारणानगरहून भाचीचा फोन आला, "मामा, आई उठंना झालीया…" मी पोहोचलो तेव्हा अक्का अंथरुणावर नेहमीसारखीच होती, कपाळाला आठी घालून, झोपेतसुद्धा कुणाचं तरी चुकीचं उत्तर तपासत असल्यासारखी. माणूस गेलं की त्याला गोड करून टाकायची आपल्याकडं रीत आहे. अक्काला मी गोड करणार नाही. ती भांडखोर होती, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असायचं.

आयुष्यभर तिनं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. दाजी गेले, पाठोपाठ ती निवृत्त झाली, आणि पहिल्यांदा तिनं काय केलं तर मासे धरायचा गळ विकत आणला. लांब काठीचा, चाकवाला. भावकीत कुजबुज झाली. चुलतभाऊ तोंडावर म्हणाला, "ह्या वयात माणसं काशीला जात्यात. तू देवगडला चाललीस?" अक्का म्हणाली, "काशीला मासं धरू देत न्हाईत, म्हणून देवगडला." आमची कोल्हापुरातल्या हौशी मंडळींची एक टोळी होती. थंडीत दोन गाड्या करून गगनबावड्याचा घाट उतरायचा, होडी ठरवायची, दोन दिवस समुद्रात गळ टाकून बसायचं. मला पण यायचंय, असं तिनं म्हटल्यावर मी चाचरलो, "सगळे पुरुष आहेत गं." तर म्हणाली, "मी काय त्यांच्याशी लगीन लावाय येतीया व्हय?"

आम्ही पडलो मटणाची माणसं. चपटं काही गळाला लागलं की आमच्या लेखी ते पापलेट. पहिल्याच फेरीत अक्कानं सगळ्यांना वाळूवर गोळा केलं आणि वर्गात घ्यावा तसा तास घेतला. पापलेट उभं पोहतं, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक डोळा. हे तळाला पडून राहणारे मासे निराळे. पिल्लू असताना ह्यांचेही डोळे दोन बाजूंना असतात, मग एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याच्या शेजारी येऊन बसतो. वरचं अंग वाळूच्या रंगाचं, खालचं पांढरं. हा लेप, जिभेसारखा, शेपटीकडं निमुळता होत गेलेला. हा भाकस, जाड, तोंड मोठं, दात धारदार, वरचा डोळा पार डोक्याच्या कडेवर. ओळखायचं कसं? पोट आपल्याकडं, डोळे वर असा मासा ठेवायचा आणि बघायचं, तोंड डावीकडं येतं का उजवीकडं. बहुतेक प्रकारांत ते ठरलेलं असतं.

हा नियम सगळ्यांनी ऐकला. तेवढ्यात चहा आला आणि मंडळी उठली. अपवाद ऐकायला मी एकटाच उरलो होतो. "भाकसाचं मात्र काय ठरल्यालं नसतं, संपा," मासा साफ करता करता अक्का म्हणाली. "एकाच जातीत काही डावे, काही उजवे. माणसांत डावखुरी असत्यात तसं."

आमच्यात वजनाला किंमत नव्हती. ज्याच्याकडं जास्त प्रकारचे मासे, त्याच्या डोक्यावर फेटा बांधायचा. बरोबरी झाली तर फेटा गेल्या वर्षीच्या मानकऱ्याकडंच राहायचा, असा रिवाज होता. मानकरी म्हणजे जवळजवळ कायम आमचे म्होरके, नाना. मी कमी बोलतो, कुणाच्या अध्यात न् मध्यात नाही, म्हणून पंच मी. अक्काच्या तिसऱ्या वर्षी मासे वाळूवर मांडले, तर नानांकडं दोन भाकस. एकाचं तोंड डावीकडं, दुसऱ्याचं उजवीकडं. दोन प्रकार धरले तर बरोबरी, एक धरला तर फेटा अक्काचा.

"तुमचाच नियम बाई," नाना हसून म्हणाले. "डावा एक, उजवा एक. झालं की दोन."

अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "डावं पायताण न् उजवं पायताण, म्हणून म्हशी दोन कापल्या काय?"

सगळे खो खो हसले. नानाही हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "संपतराव, पंच तुम्ही. बहीण हाय म्हणून बघू नका म्हंजे झालं."

ह्या एका वाक्यानं माझी जीभ फिरली. नानांची मला भीती नव्हती, त्यांच्याकडून काही मिळवायचंही नव्हतं. पण खरं बोललो तर बहिणीची बाजू घेतली म्हणतील… निःपक्षपाती संपतराव राहणार नाहीत. मी म्हणालो, "दोन."

"पुन्हा बोल," अक्का म्हणाली.

"दोन."

"मास्तरीणबाई, रडीचा डाव नको," मागून कुणीतरी ओरडलं. त्या दिवसापासून टोळीच्या व्हॉट्सअॅपवर तिचं नाव पडलं, रडीअक्का. अक्कानं तिथंच समुद्राच्या पाण्यात सुरी धुतली आणि गाडीत जाऊन बसली.

टोळीबरोबर ती पुन्हा आली नाही. समुद्र मात्र सोडला नाही. काठी पोत्यात गुंडाळून एसटीनं एकटी जायची, होडीवाल्याशी घासाघीस करायची, उन्हानं काळी होऊन परत यायची. आली की मला जेवायचं बोलावणं. ताटात डोक्यासकट तळलेले दोन छोटे भाकस, एकाचं तोंड डावीकडं, एकाचं उजवीकडं. दरवेळी असे दोन कुठून मिळवायची देव जाणे. त्या फेट्याविषयी तिनं कधी अक्षर काढलं नाही. एकदाच, समोर बसून म्हणाली, "चवीत फरक लागतोय का रं?"

मी दोन्ही खाल्ले. "न्हाय," म्हणालो.

"व्हय की," अक्का म्हणाली आणि भात वाढला.

तेवढं बोललो म्हणजे फिटलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. बंद दाराआड, तिच्या स्वयंपाकघरात, तोंडात घास असताना.

तेराव्याला टोळी आली होती. नानांनी हात जोडले. वाईट माणूस नाही तो, मनापासून आला होता. म्हणाले, "खेळात जरा रडी हुत्या अक्का, पर मन लई मोठं." सगळ्यांनी माना हलवल्या. भाची दारात उभी होती. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, आई रडी होती व्हय?"

मी चहाचा ट्रे उचलला आणि बाहेर गेलो.

म्हणून हे लिहितो आहे. नाना वाचतील, वाचू देत. रागावतील, रागावू देत. फेटा परत मागत नाही, गेलेल्या बाईच्या फोटोला तो बांधायची नाटकंही कुणी करू नयेत. तिला जिंकवून मला काही मिळवायचं नाही. ती जिंकलेलीच होती. रडी होतो तो पंच.

पण कागदावर शूर होणं सोपं आहे. इथं समोर कुणी हसत नाही. अक्काला मी तो "दोन" शब्द वाऱ्यावर, उघड्या किनाऱ्यावर, दहा माणसांत मोठ्यानं ऐकवला होता. पुढच्या आठवड्यात टोळी घाट उतरणार आहे. भाचीला बरोबर चल म्हटलंय, ती येते म्हणाली. तिच्यासमोर, त्याच माणसांना, मोठ्यानं "एक" म्हणून सांगायचं माझ्याकडं अजून देणं आहे.