भाजीचं मटन

केशोमामाजी बकरीचं नाव ठेवतात, बोकडाचं ठेवत नाहीत. चांदी, भुरी, लंगडी, त्यांच्या साऱ्या बकऱ्यांना मी नावाने ओळखते. बोकड मात्र नुसता 'हा' नाहीतर 'तो'. मंडईची जत्रा आली की ज्याला जायचंच आहे, त्याला हाक कशाला मारायची, असं त्यांचं म्हणणं. ते आमचे शेजारी. नात्याने कोणी नाहीत, पण लग्न करून या गल्लीत आले तेव्हापासून मी त्यांना मामाजी म्हणते आणि ते मला सूनबाई. बायको रुख्माबाई गेल्यावर त्यांच्या घरात बोलायला बकऱ्याच उरल्या. मुलगा इंद्रकुमार नागपूरला नोकरीत. त्याची मुलगी हर्षा, चौथी-पाचवीतली, म्हणजे म्हाताऱ्याचा जीव.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हर्षाने एका काळ्या बोकडाच्या कपाळावरचा पांढरा ठिपका पाहिला आणि त्याला टिकल्या म्हणू लागली. दिवसभर त्याच्या गळ्यात हात टाकून नहराच्या पाळीवर फिरायची. मामाजी आधी रागावले, "नको ठिवू वो नाव, माय." मग एका सकाळी तेच गोठ्यात "टिकल्या, चाल रे" म्हणताना मी ऐकलं.

पण दिवाळीनंतरच्या मंडईला घरोघरी पाहुणे येतात, आणि पाहुण्याला मटन लागतंच. गोठ्यात दुसरा तयार बोकड नव्हता. मामाजींनी पोरीला काही सांगितलं नाही. ती पोटभर जेवली, रस्सा पुन्हा मागून घेतला, आणि मग विचारलं, "टिकल्या कुठे आहे?"

कोहमाऱ्याचा ढाबेवाला जागेश्वर पंगतीत होता. मामाजींचे बोकड तोच नेतो. तो हसत म्हणाला, "आता कायले शोधून राहिली? पोटात तं आहे तुह्या."

पोर अंगणात ओकत राहिली. त्यानंतर ती ना गावात आली, ना आजोबांशी फोनवर बोलली.

यंदा इंद्रकुमारने कसंबसं समजावून तिला मंडईला आणलं. सोबत तिच्यासाठी एक पाकीट होतं. वरून मटनाचं चित्र, आत सगळं झाडपाल्याचं. मामाजी ते घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तुह्या गंजात शिजव, सूनबाई. माह्या भांड्याले मटनाचा वास येते. अन् वाच बरं, काय काय टाकलं आहे यात."

मी वाचलं. वाटाणा, सोयाबीन, खोबरेल तेल, बिटाचा रस.

"बीट कायले?"

"रंगासाठी. रक्तासारखं दिसावं म्हणून."

"रक्त नको म्हनून तं हे काढलं ना वो? मंग रंग कायले पायजे?" ते हसले. "आपन मटनाची भाजी करतो, हे लोकं भाजीचं मटन करून राहिले." हसता हसता थांबले. "झनझनीत कर. तिले आवडलं, तं पुढच्या साली येईल ती."

जेवायला ते पाहुण्यांची पंगत सोडून आमच्या पडवीत हर्षाजवळ बसले. मामाजींच्या अंगणातून जागेश्वर ओरडला, "काऊन बुवा, आता ढाब्यावर वाटाने आनून देता का?"

"तू गप जेव."

हर्षा खुदकन हसली. वर्षभराने हसली. "आबाजी, मटनासारखंच लागतं ना?"

"लागते वो."

"मग आता बोकड विकायचे नाहीत. सगळे हेच खातील. तुम्ही बकऱ्या नुसत्या पाळायच्या."

तिच्या मागे उभा असलेला इंद्रकुमार बापाला डोळ्यांनी खुणावत होता, हो म्हणा. मामाजींनी तोंडातला घास गिळला.

"नुसत्या पाळता नाही येत, माय. बोकड विकतो म्हनून बकऱ्यायले चारा भेटते, मले भात भेटते. लोकायनं घेनं सोडलं तं गोठाच राहनार नाही. म्या विकीन. पुढंही विकीन."

"त्यांना कापतील?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "कापतील."

हर्षा उठली. खरकट्या हातानेच गाडीत जाऊन बसली, आणि कोणी कितीही बोलावलं तरी उतरली नाही. तिकडे मंडईत दंडारीचा रात्रीचा खेळ सुरूही झाला नव्हता.

"एक खोटं बोलले असते तं काय बिघडलं असतं, बाबा?" इंद्रकुमार बापावर ओरडला. "किती मुश्किलीनं आणलं होतं तिला."

"मागच्या साली बोललो नाही म्हनून तं तिनं खाल्लं रे," मामाजी म्हणाले. "अजून फसवू का तिले?"

गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा मामाजी पुन्हा पडवीत येऊन बसले. मी हर्षाचं ताट उचलायला वाकले, तर त्यांनी माझ्या हातातून ते घेतलं. तिने अर्धवट टाकलेले ते लालसर तुकडे आपल्या भातावर ओतून घेतले आणि खाली मान घालून सारं संपवलं.

"थंड झालं का घट्ट होते हे, सूनबाई," एवढंच म्हणाले.