सकारीबाई

साडी तयार असली तरी माझी वहिनी ती पहिल्या खेपेला कधीच देत नसे. फॉल लावून झालेला, पदराला पिको झालेला, घडी करून साडी कपाटात ठेवलेली; आणि दारात उभ्या बाईला ती शांतपणे सांगे, "नाही झाली वो. सकारी येजो." आमच्या झाडीपट्टीत सकारी म्हणजे उद्या. दवनीवाड्यातल्या बायांनी तिचं नावच सकारीबाई पाडून टाकलं होतं.

"काऊन वो सकारीबाई, फॉल लावून राहिली का धानाचा रोवणा करून राहिली? त्याले बी एवढे दिस लागत नाहीत."

"तुले घाई असन तं गोंदियाले घेऊन जा," वहिनी सुनवायची. बाई साडी घेऊन जात नसे. खुर्चीवर बसे. घरात ती एकच खुर्ची होती आणि ती येणाऱ्या बाईची. वहिनी स्वतः मशीनपुढच्या स्टुलावर.

एकदा मी कपाटातली तयार साडी पाहिली आणि न राहवून विचारलं, "वहिनी, खोटं कायले बोलता?"

"साडी देली का बाई गेली, भाऊजी. दोनदा आली तं दोनदा बसते."

मी हसलो. ती मात्र हसली नव्हती.

माझा थोरला भाऊ गेल्यावर ती त्या घरात एकटीच होती. मुलगी लग्न होऊन बालाघाटला. धानाच्या दोन बांध्या बटईने, अर्ध्या वाट्यावर दिलेल्या, त्यातून वर्षाचा तांदूळ निघे. वरच्या खर्चासाठी तिने पुढच्या खोलीत, दाराशी, पायमशीन मांडलं आणि फॉल-पिको सुरू केलं. "तुमचे भाऊ गेले तवा गाव आलं होतं," ती म्हणे. "मंग कोणी कायले येते? काम असलं तं येते." हे ती तक्रारीच्या सुरात बोलत नसे. पाऊस पडला की बांधीत पाणी भरते, तसं सांगे.

बुद्धपौर्णिमेच्या आधी तिच्याकडे विहारातल्या बायांच्या पांढऱ्या साड्यांचा ढीग लागे. सगळ्या सारख्या. कोणाची कोणती हे कळावं म्हणून ती फॉलच्या आतल्या कोपऱ्यात एकेका बाईसाठी एकेका रंगाच्या दोऱ्याची गाठ मारी. तरी एका वर्षी दोन जावांच्या साड्या बदलल्या आणि भर वंदनेनंतर विहाराच्या दारात दोघी तिच्यावर धावून आल्या. वहिनी म्हणाली, "साडी तं साडी. कोणाच्याबी अंगाले बसते. म्हणून तं मी बिलाऊज सिवत नाही." दोघींना हसू फुटलं. संध्याकाळी त्या साड्या बदलायला आल्या आणि चहा पिऊन गेल्या. मला वाटतं, तो तिचा वर्षातला सगळ्यात चांगला दिवस असावा.

मी गोंदियाला सरकारी कचेरीत कारकून. गाव फार लांब नाही, तरी दर रविवारी जाणं मला जड जाई. न जाणंही जड जाई. मग मला एक युक्ती सुचली. बाजारात ओळखीचा एक साडीवाला होता, त्याच्याशी बोललो. "भाभीजी को बोलो, माल की कमी नहीं पड़ेगी," तो म्हणाला. सकाळी ऑटोने साड्यांचा गठ्ठा दवनीवाड्याला जाणार, संध्याकाळी त्याच ऑटोने परत. वहिनीची कमाई पाहता पाहता वाढली. तिने कूलर घेतला. कचेरीत मी चारचौघांत सांगायचो, वहिनीला मी पायावर उभं केलं. आणि रविवारी घरी झोपायचो. पैसे तिच्यापर्यंत पोचत होते, म्हणजे मीच पोचलो, असं मी धरून चाललो होतो.

ऑटोवाल्याला सकारी ये म्हणता येत नाही. तो दारात हॉर्न वाजवत थांबतो. वहिनी दिवसभर मशीनवर वाकलेली राही. गावातली बाई आली तर तिला म्हणावं लागे, "आता नाही होत वो." खुर्चीवर गठ्ठे येऊन बसले.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. एरवी ती आपणहून फोन करत नसे.

"भाऊजी, दुकानवाल्याले नाही म्हणून सांगा."

"काऊन? पैसे कमी देते का?"

"पैसे बराबर देते. पण या साड्यायले बायाच नाहीत."

"बाया नाहीत म्हणजे? नेसणार तं कोणी ना कोणी."

"नेसन. मले का माहीत कोण?"

मला ते चोचले वाटले. मी तिला समजावलं, सीझन आहे, दिवाळीपर्यंत दम धरा, मी शब्द दिला आहे. माझ्या शब्दाखातर तिने दम धरला. दिवाळी झाल्यावर दुकानाचं काम सोडलं, दार उघडं टाकलं, खुर्ची पुसून ठेवली. पण तोवर गावाच्या दुसऱ्या टोकाला एका घरच्या नव्या सुनेने विजेचं मशीन आणलं होतं. ती बसल्या बैठकीला साडी हातात द्यायची. कोणाचा वहिनीवर राग नव्हता, कोणी भांडलं नव्हतं. बायांची फक्त वाट बदलली होती. मीच एकीला रस्त्यात विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या वहिनीले आता फुरसत कुठं, भाऊ? मोठ्या दुकानाचं काम करते ना थे." मी म्हणालो, सोडलं ते. "हो का?" म्हणून ती चालू लागली.

पुढच्या रविवारी वहिनीकडे जायचं मी ठरवलं. पण नुसतं जाऊन तिच्यासमोर बसावं, हे मला सुचलं नाही. मी बायकोची एक साडी घेतली, गच्चीवर बसून ब्लेडने तिचा फॉल उसवला आणि ती घेऊन गेलो. वहिनीने साडी मांडीवर पसरली, काठावरून बोटं फिरवली आणि थांबली.

"हा फॉल तं मीच लावला होता. उसवला कायले?"

"सुटला."

"माझ्या हातचा फॉल सुटते का, भाऊजी?"

मग ती इतकी हसली की तिला खोकला आला. पाणी पिऊन झाल्यावर सुई ओवता ओवता खाली मानेनेच म्हणाली, "खाली हातानं येत जा ना. साडी कायले लागते?"

तसा मी खाली हाताने तिच्याकडे जायला लागलो. पण मला नुसतं बसता येत नाही. हा माझा दोष मी बायकोकडून ऐकला आहे, मुलांकडून ऐकला आहे. तब्येत विचारून झाली, धान विचारून झालं की माझा हात गाडीच्या किल्लीकडे जाई. हे वहिनीच्या ध्यानात आलं असणार. कारण पुढे मी गेलो की दर वेळी मशीनचा पट्टा चाकावरून सुटलेला असे. "पाहा बरं, भाऊजी. मले नाही बसवता येत." मी जमिनीवर मांडी घालून तो पट्टा बसवी, चाकाला तेल देई. ती स्टुलावरून बोलत राही. भाऊ लग्नात कसा रुसला होता, मुलीला बालाघाटला करमतं की नाही, काय काय. हात कामात असले की मला ऐकू येतं. तिथे मी तास तास बसलो, ते त्या पट्ट्यामुळे.

पुढच्या पावसाळ्यात ती तापाने पडली. मुलगी तिला बालाघाटला घेऊन गेली आणि तिथेच ती गेली. त्याआधीची आमची शेवटची भेट उन्हाळ्यातली. येतो म्हणून फोन केला होता. नालीसाठी रस्ता खोदला होता, म्हणून गाडी कोपऱ्यावर लावून मी चालत आलो. तिला चाहूल लागली नाही. खिडकीतून दिसलं, ती स्वतःच्या फाटक्या ब्लाऊजला टीप मारत होती, मशीन नीट चालत होतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कपडा बाजूला ठेवला, वाकली, पट्टा चाकावरून ओढून खाली पाडला आणि पदर सावरून दाराकडे तोंड करून बसली.

मला सगळं कळलं. न कळल्यासारखं करून मी तासभर त्या चाकाशी झटू शकलो असतो. पण त्या संध्याकाळी मला गोंदियाला साहेबांच्या मुलीच्या लग्नाला हजर राहायचं होतं. मी आत गेलो, खाली बसलो आणि एका झटक्यात पट्टा चढवला.

"झाला?" ती म्हणाली. "एवढ्यात?"

"झाला," मी म्हणालो, चहा उभ्यानेच प्यालो आणि कोपऱ्यावर जाऊन गाडीला किक मारली.