पुसलेली काच

आज विद्यार्थ्यांना दाखवायला मेणबत्तीवर काच धरली आणि काजळीच्या वासासरशी उंद्री गावातल्या शाळेचा माझा वर्ग आठवला. दोन ब्लेडं जोडून मी काजळलेल्या काचेवर शेजारी-शेजारी दोन चिरा ओढल्या होत्या. जत्रेतल्या लेझरचा लाल ठिपका त्यांतून गेला आणि भिंतीवर पट्टेच पट्टे उमटले.

"सर, उजेडाचा एकच कण सोडला, तर तो कोन्त्या चिरेतून जाईन?" मी विचारलं.

"परीक्षेत येते काय वं हे?" म्हणत सरांनी अंगठ्यानं काच पुसली. वर्ग हसला.

आता प्रयोगशाळेत मी एकेक कणच सोडते. तरी हळूहळू पट्टे उमटतातच. कण कुठून गेला, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. सरांना उत्तर आलं नाही, याचा राग नाहीच. "मले माहीत नाही" एवढं म्हणायला काय जात होतं त्यांचं? माझी काच काऊन पुसली?