बिननावाचं मासिक

मागच्या महिन्यात एका कॉलेजातून फोन आला. त्यांच्या स्मरणिकेसाठी आमच्या ऑनलाइन मासिकाचा इतिहास हवा होता. स्थापना, उद्देश, वाटचाल, भावी संकल्प असे चार मथळेही त्यांनीच पाठवले. मी हो म्हणून बसले. लिहायला घेतलं आणि दुसऱ्याच मथळ्यावर माझं डोकं फिरलं. उद्देश चांगलाच होता हो. त्या चांगल्या उद्देशानेच घात केला. मंत्र्यांच्या शुभेच्छापत्रांशेजारी छापण्यासारखं हे प्रकरण नाही. कॉलेजला नकार कळवला आणि आता सगळं इथे लिहून काढते आहे.

मासिक आम्ही दोघांनी काढलं. मी लातूरला एका कचेरीत नोकरी करते. दुसरे होते नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारे सर. इतक्या वर्षांची ओळख, तरी ते मला मॅडम म्हणायचे आणि मी त्यांना सर. त्याआधी आम्ही दोघं एका छापील त्रैमासिकाच्या संपादक मंडळात होतो. तिथे देवणीकडच्या एका गृहस्थांचा लेख आला होता, बाजारात बैलाचे दात बघून वय कसं ओळखतात त्यावर. माणसाने जन्मभर जे हाताने केलं तेच लिहिलं होतं. आम्हाला एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. अंक निघाला आणि मला तीन फोन आले. तिघांनीही लेखाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिघांचा प्रश्न एकच, हे कोण, आपल्यातले का? चौथ्याला विचारायची गरज पडली नाही, त्याने आडनावावरून ओळखलं होतं. तो म्हणाला, आता ही मंडळीपण लिहायला लागली का.

मला संताप आला की मी नियम करते. कचेरीत सगळ्यांना माझा हा गुण माहीत आहे. त्या चौथ्या फोननंतर मी सरांना म्हणाले, आपण आपलं स्वतःचं मासिक काढू, इंटरनेटवर, कुणाच्या देणगीशिवाय आणि कुणाच्या सल्लागार मंडळाशिवाय. आणि लेखाखाली लेखकाचं नाव द्यायचंच नाही. ज्याला वाचायचं आहे त्याने लेख वाचावा. आडनाव चघळायला मिळणार नाही. सर म्हणाले, मॅडम, क्रांती आहे ही. मलाही तसंच वाटलं. दोन-तीन वर्षं मी ही गोष्ट कुठेकुठे भाषणात सांगितली आणि टाळ्या घेतल्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी अंक चढवायचा. मजकूर मी बघायची, पानं सर लावायचे. अर्धापूरच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याने वादळाच्या दुसऱ्या दिवसाबद्दल लिहिलं. उदगीरच्या कापडदुकानदाराने आपल्या वडलांच्या कानडी शिव्यांवर लिहिलं. लोक वाचत होते. आणि हे कोण म्हणून विचारायची सोय नसल्यामुळे मुकाट वाचत होते.

मावशी आल्या त्या सरांमुळे, हे मला कबूल केलंच पाहिजे. सरांचं विद्यार्थ्यांचं शिबिर किनवटकडच्या एका खेड्यात होतं. तिथल्या मुलींच्या निवासी शाळेच्या वसतिगृहात एक बाई स्वयंपाक करतात, बोलायला लागल्या की पोरं जेवायची थांबतात, असं सरांनी सांगितलं आणि नंबर दिला. मी फोन केला. मावशी म्हणाल्या, लिहिणं माझ्यानं होत न्हाई, बोलणं होतं. मग त्या बोलायच्या आणि मी लिहून काढायची. दुपारी मुलींची पंगत उठली की त्या फोनवर आवाज भरून पाठवायच्या. मागे पातेली घासल्याचा खडखडाट. रविवारी मी तो आवाज पुन्हा पुन्हा थांबवत टाइप करायची. शब्द त्यांचे, माझे फक्त स्वल्पविराम. असे अकरा लेख झाले. त्यातला एक तुकडा मला पाठ आहे.

“नवी पोरगी आली की आठ दिवस ती अर्धी भाकर खाती अन् अर्धी उशीखाली ठेवती. घरचे न्यायला आले तर वाटंत खायाला. गाद्या झटकताना म्या तिची उशी उचलून बघती, अन् जशी हाय तशी ठेवती. ज्या दिवशी उशीखाली भाकर दिसत न्हाई, त्या दिवशी पोरगी राहिली म्हणायचं.”

हे टाइप करून झाल्यावर मी उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिले होते. आमच्या मासिकात याहून चांगलं काही आलं नाही.

मग एक दिवस सरांचं निमंत्रण आलं. त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं, नांदेडला, आणि पत्रिकेवर प्रमुख उपस्थिती म्हणून माझं नाव छापून मोकळे. पुस्तकाचं नाव होतं, विषय नव्हता. मला वाटलं कवितासंग्रह असेल, सर वर्षानुवर्षं कविता साठवून होते. मी साडी नेसून एसटीने गेले. मंचावर बसले आणि बघते तर टोकाच्या खुर्चीवर मावशी. आवाज ओळखीचा, चेहरा फक्त फोटोत पाहिलेला. मला आनंद झाला, खरंच झाला. वाटलं, सरांनी मोठेपणा केला, बोलावलं.

प्रकाशन म्हणजे चकचकीत कागदात गुंडाळलेलं पुस्तक मंचावरच्या सगळ्यांनी एकाच वेळी सोडायचं, मुखपृष्ठ लोकांकडे करून छातीशी धरायचं आणि फोटोवाला हो म्हणेपर्यंत हसत राहायचं. मीही हसले. फोटो झाल्यावर पुस्तक वळवून उघडलं. पहिल्याच प्रकरणात उशीखालची भाकर होती. पुढे चाळलं. अकराच्या अकरा. वर सरांचं नाव आणि खाली अनुभवकथन असा शब्द. आणि भाषा? “त्या निरागस वनकन्या उशाखाली भाकरी दडवीत, ते पाहून माझं संवेदनशील मन गलबलून जाई.” मुलींच्या झोपायच्या खोलीत बाप्या माणसाला पाऊल टाकू देत नाहीत. हे कधी गेले होते उशा उचलायला?

तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्याने मावशींना पुढे बोलावलं. ज्यांच्या हातच्या भाकरीने लेखकाच्या लेखणीला बळ दिलं अशा अन्नपूर्णेचा सत्कार. सरांनी शाल घातली, नारळ दिला, वाकून नमस्कारही केला. मावशींनी नारळ दोन्ही हातांनी धरला आणि सभागृहाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कुणी पुस्तक दिलं नाही. माझ्या हातात होतं.

मग मला बोलायला बोलावलं. मी काय केलं ते सांगते. मी माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, पुस्तक आताच हाती आलंय, सविस्तर वाचून बोलेन, सरांचं अभिनंदन. आणि खाली बसले. नियम करणारी, फोनवर लोकांना झापणारी मी. एवढ्या लोकांत शोभा नको, असं त्या क्षणी मला वाटलं. कुणाची शोभा, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

कार्यक्रमानंतर चिवड्याच्या प्लेटी फिरत होत्या तेव्हा सरांना कोपऱ्यात गाठलं. मावशींना कुणीतरी गाडीची वेळ झाली म्हणून आधीच स्टेशनवर नेलं होतं. मी बोलायला लागले तर आवाज कापत होता. सर मात्र शांत होते. बढतीच्या फाइलीला एक पुस्तक कमी पडत होतं, असं त्यांनी मला सांगितलं, जसं काही फाइलीला टाचणी कमी पडत होती. मग म्हणाले, “मॅडम, लेख बिननावाचे होते. बिननावाचा मजकूर कुणाचा असतो? नियम तुमचाच आहे. आणि मी बाईंचा सत्कार केला की.”

परतीच्या एसटीत मी फोनवर आमचं मासिक उघडलं. मावशींची अकराही पानं गायब होती. पुस्तक निघण्याआधीच सरांनी ती काढून टाकली असणार. दर महिन्याला नवा अंक चढवताना मी जुन्या पानांकडे कधी वळून बघितलं नव्हतं. लोह्याच्या पुढे रस्ता खराब आहे. धक्के बसत होते आणि मी शेजारच्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने शिव्या देत होते. त्या बाईने खिडकीची जागा सोडून मला दिली.

पुढच्या शनिवारी मी रजा टाकून नांदेडला गेले आणि तिथून किनवटच्या रेल्वेत बसले. पिशवीत माझ्या लॅपटॉपमधल्या मूळ लेखांच्या प्रती होत्या, पोलिसांसाठी एक अर्ज आणि विद्यापीठासाठी एक. मावशींची सही घ्यायची आणि सरांना उभं-आडवं सोलायचं, एवढंच डोक्यात होतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मावशी परातीत पीठ मळत होत्या. सत्काराची शाल घडी करून पिठाच्या डब्यावर टाकली होती. मी सगळं भडाभडा सांगितलं. त्यांना माहीत होतं. तिथल्या एका शिक्षिकेने पुस्तक मिळवून त्यांना वाचून दाखवलं होतं.

अर्जांकडे त्यांनी बघितलंही नाही. सरचं बघू मागून, म्हणाल्या. मग पीठ मळता मळताच विचारलं, “ताई, तुमच्याकडं अकरा बार छापून आलं. माझं नाव का न्हवतं?”

मी नियम सांगितला. देवणीच्या लेखापासून सगळं, तीन फोन, चौथा फोन, लोक आडनाव कसे वाचतात. मी चांगलं सांगते, सवय आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि हात थांबवले.

“म्हंजे नाक त्यांनी मुरडायचं अन् नाव माझं काढायचं.”

मी दोन्ही अर्ज परत पिशवीत ठेवले.

हात धुऊन त्यांनी कोनाड्यातून एक घडी केलेला कागद आणला. त्याच शिक्षिकेने आमच्या मासिकातलं एक पान मागे कधीतरी छापून दिलं होतं, भाकरीवालं. मावशींनी ते उलगडलं आणि तळाशी बोट ठेवलं. तिथे संपादन म्हणून बारीक अक्षरात दोन नावं होती. प्रत्येक लेखाखाली असायची. त्यांनी माझं नाव अक्षर अक्षर जुळवत वाचलं, नाव, वडलांचं नाव, आडनाव. आमचं आडनाव लातूरच्या बाजारात दुकानाच्या पाटीवर आजोबांच्या वेळेपासून आहे. ते ऐकून आजवर कुणी मला विचारलं नाही की तुम्हीपण लिहायला लागलात का.

“हे तेवढं न्हाई काढलं,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

खरं सांगायचं तर ते काढावं असं माझ्या मनातही कधी आलं नाही. त्याहून वाईट गोष्ट मी तिथे मावशींना सांगितली नाही, इथे सांगते. त्या लेखांचं कौतुक लोक मला भेटून करायचे. खाली माझं नाव, भाषा साधी, म्हणून पुष्कळांना वाटायचं की मीच वसतिगृहात कधी राहून आले असेन. सुरुवातीला मी सांगायची, नाही, आमच्या एक लेखिका आहेत. नंतर नंतर नुसतं हसायला लागले. सरांनी पुस्तक केलं. मी हसत होते. सरांवर ओरडताना माझा आवाज का कापत होता, ते मला रेल्वेत परत येताना कळलं.

मावशींना तक्रार नको होती. त्यांना नाव हवं होतं, पूर्ण, आडनावासकट, प्रत्येक लेखावर आणि वर, खाली नाही. मी त्यांचं नाव देऊन आणखी एक लेख लिहिते, सगळी हकीकत जगाला सांगते, असंही मी म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, तुमच्या लिहिण्यात माझं नाव नको, माझ्या लिहिण्यावर टाका. म्हणून ते इथे नाही. ज्याला हवं त्याने मासिकात जाऊन वाचावं.

लातूरला येऊन मी अकराही लेख परत चढवले, त्यांच्या नावाने. सरांचा फोन आला, प्रकाशकाकडून नोटीस येईल म्हणाले. येऊ द्या म्हटलं. अजून आलेली नाही. पुस्तक मात्र विकलं जातंय, आणि बढतीही झाली असं कळलं. बाकीच्या लेखकांनाही मी एकेक फोन केला. केळीवाल्याने लगेच नाव टाका म्हणून सांगितलं. देवणीचे गृहस्थ नंतर आमच्याकडेही लिहायचे, ते म्हणाले, मला कुणी विचारलं असतं तर मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. मासिकाच्या सगळ्या वर्षांत मी त्यांना खरंच विचारलं नव्हतं.

सरांचं नाव मी त्याच रविवारी प्रत्येक पानावरून काढलं. काढताना फार बरं वाटलं. मावशींना फोन करून सांगितलं, आता बघा. त्यांनी त्या शिक्षिकेच्या मोबाइलवर आपलं नाव बघितलं, वाचलं, आणि म्हणाल्या की तुमचं खाली तसंच हाय, ठेवायचं का काढायचं ते तुमचं तुम्ही बघा.

त्याला आता सात-आठ महिने झाले. दर अंकाला मी ते पान उघडते, तळापर्यंत जाते आणि बंद करते. माझं नाव अजून तिथेच आहे.