अर्धा चिकू धरायचा नाही!

आमच्या घरात गणित फक्त मलाच येतं. हे मी स्वतः सांगतोय म्हणून खोटं समजू नका. दुसरं कोणी सांगायला तयारच नव्हतं.

त्यामुळे वैशाली वहिनींनी सरकारी भरतीचा अर्ज भरला, तेव्हा त्यांना शिकवायची जबाबदारी मी कोणी न मागताच उचलली. वहिनींचं माहेर कैनाडचं. लग्न, दोन मुलं आणि आमची चिखल्याची चिकूवाडी यांत त्यांची परीक्षा राहूनच गेली होती. आता वयाची अट आडवी येत होती. ही संधी हुकली की पुन्हा अर्जच भरता येणार नव्हता. त्यांना सोबत म्हणून मीही अर्ज भरला. (मला नोकरी नको होती. नुसतं पहिलं यायचं होतं!)

वहिनी बाकी सगळं पटापट सोडवायच्या, पण एका प्रकाराला अडायच्या. अ आणि ब अशा दोन बैजिक राशी दिलेल्या असतात. पर्याय चार : अ मोठी, ब मोठी, दोन्ही समान किंवा सांगता येत नाही.

"सोप्पंय!" मी म्हणालो. "क्ष म्हणजे चिकू समजा. क्षचा वर्ग मोठा की नुसता क्ष? दोन चिकू धरा, वर्ग चार. दहा धरा, वर्ग शंभर. म्हणजे वर्गच मोठा. चला, पुढचा प्रश्न!"

"पण भाऊजी, क्ष अर्धा असला तर?"

"अर्धा चिकू?"

"वटवाघळाने खाल्लेला."

"तो आपण मोजतो का? निवडताना फेकून देतो. अर्धा चिकू धरायचा नाही!"

"आणि शून्याच्या खाली गेला तर?"

"वहिनी, शून्याच्या खाली चिकू नसतो, माती असते."

वहिनींनी वहीचं पान उलटलं. मला वाटलं, समजलं.

तरी पक्कं व्हावं म्हणून मी प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं. बाबांनी सकाळपासून बसून लहान-मोठे चिकू वेगळे केले होते. मी ते क्रेट ओटीवर पालथे घातले आणि बारा ओळी मांडल्या, ओळीत बारा-बारा. एवढ्यात व्यापारी शेठ टेम्पो घेऊन दारात!

"अरे भाई, आ शुं छे?" शेठ ओरडले.

"बाराचा वर्ग," मी अभिमानाने सांगितलं.

आतून बाबा धावत आले. "अरे गाढवा! यातला मोठा माल कुठला आणि लहान कुठला, कसं कळायचं आता?"

"सांगता येत नाही," वहिनी हळूच म्हणाल्या.

टेम्पो आमच्या मालाशिवाय गेला. बाबा पुन्हा पहिल्यापासून चिकू निवडायला बसले.

परीक्षा तलासरीला होती. तुलनेचे पाच प्रश्न आले. पहिल्यात मी क्ष म्हणजे चिकू धरला, अ मोठी आली. बाकीचे चारही तसेच असणार, म्हणून दोन मिनिटांत पाच गोल काळे केले : अ, अ, अ, अ, अ. एका रेषेत इतके सुरेख दिसत होते! दोन बाकं पुढे वहिनी अजून खरडतच होत्या. मला त्यांची दया आली.

परतताना एसटीत त्या म्हणाल्या, "मी तीन ठिकाणी 'सांगता येत नाही' लिहिलं."

"तीन ठिकाणी? अहो, असं कसं?"

"आधी तुम्ही सांगितलं तसं दोन धरून बघितलं, अ मोठी आली. मग अर्धा धरला, तर ब मोठी. दोनदा दोन तऱ्हा आल्या की तिथेच थांबायचं ना?"

"आणि बाकीचे दोन?"

"त्यांत दोन्हीकडे क्ष सारखाच होता. काढून टाकला, नुसते आकडे उरले. दोन्हींत ब मोठी."

"पण अर्धे चिकू आपण मोजत नाही, वहिनी!"

"तुम्ही मोजत नाही, भाऊजी. रोज सकाळी झाडून मी काढते."

घरी पोचताच मी जाहीर केलं, "पाचच्या पाच चुकवून आल्यात!" आईने कपाळाला हात लावला. दादा जेवता जेवता उठला. संध्याकाळपर्यंत वहिनींचाही धीर सुटला. पडवीत पुस्तकं बांधून ठेवताना त्यांनी पदराने डोळे पुसले. मला मनापासून वाईट वाटलं. एवढी शेवटची संधी, आणि मी शिकवायला कमी पडलो!

निकाल दादाने मोबाइलवर उघडला. वहिनींचं नाव पहिल्याच पानावर होतं. माझं नाव त्याने वरून खाली शोधलं, मग खालून वर शोधलं. चुकलेल्या उत्तरांचे गुण कापतात, हे मला तेव्हा कळलं.

गावात वहिनींचा सत्कार झाला. कोणीतरी विचारलं, "ताई, मार्गदर्शन कोणाचं?"

वहिनी माझ्याकडे बघून गोड हसल्या. "आमच्या भाऊजींचं. ते नसते, तर कशाच्या उलट लिहायचं हे मला कळलंच नसतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उठलो, चारी दिशांना हात जोडले, आभाराचे दोन शब्दही बोललो. त्या बोलण्याचा अर्थ मला लागला तो घरी आल्यावर, आणि तोही आईने समजावून सांगितला तेव्हा.